पावसाळ्यात गॅस गिझर पेटत का नाही?

नार्वे गाव सर्वांना परिचित आहे ते श्री सप्तकोटेश्वरामुळे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले हे मंदिर नूतनीकरणानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. मात्र मंदिराच्या आसपासच्या वाड्यांवरील घरांत गेल्या काही दशकांत जो बदल झाला, त्याची नोंद कोठेच नाही. चुलाणावरचे तांब्याचे भाण जवळजवळ नाहीसे झाले. नरकचतुर्दशीच्या पहाटे ते घासूनपुसून, कारिटाचा वेल गुंडाळून मांडले जाते, एवढेच. एरवीचे पाणी तापते ते न्हाणीच्या भिंतीवर टांगलेल्या गॅस गिझरमध्ये. पावसाळ्यात विजेचा लपंडाव ठरलेला असल्यामुळे गावाकडच्या घरांत विजेच्या गिझरपेक्षा गॅसचा गिझर सोयीचा वाटतो, आणि तो तसा आहेही.

अडचण येते ती नेमकी पावसातच. एप्रिल-मे महिन्यांत गरम पाण्याची आठवणही कोणाला होत नाही. मृगाच्या सरी सुरू झाल्या की दोन महिने बंद असलेला गिझर चालू केला जातो आणि तो टकटक करत राहतो, पेटत नाही; किंवा टकटकही करत नाही; किंवा पेटून लगेच विझतो. डिचोलीच्या बाजारातून मेकॅनिक यायचा तर दोन दिवस लागतात. तोपर्यंत घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने प्रयोग करून पाहतो. यांतले काही प्रयोग निरुपद्रवी असतात, काही जिवावर बेतणारे. दोन्हींतला फरक कळायचा असेल तर आधी यंत्राचे काम कसे चालते ते पाहणे आवश्यक आहे.

पाणी आधी, गॅस नंतर

गॅस गिझर हा प्रत्यक्षात पाण्याच्या दाबावर चालणारा चाप आहे. गरम पाण्याचा नळ उघडताच वाहणारे पाणी आतल्या एका रबरी पडद्याला ढकलते. पडदा एक दांडी सरकवतो, दांडी एक लहानसा विजेचा स्विच मोकळा करते. त्या स्विचला वीज मिळते ती टॉर्चमध्ये घालतात तशा दोन मोठ्या सेलांवर. स्विच सुरू झाला की ठिणगी पडू लागते आणि त्याच वेळी गॅसचा विद्युत व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत पेटली की बर्नरवर रोखलेली दुसरी एक धातूची काडी तिची नोंद घेते. ज्योतीतून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू शकतो. तो मिळाला तर व्हॉल्व्ह उघडा राहतो, न मिळाल्यास काही सेकंदांत बंद होतो. पाणी थांबले की पडदा मागे येतो आणि सारे बंद पडते.

या साखळीतली कोणतीही एक कडी ढिली असेल तर गिझर पेटत नाही. म्हणून कान देऊन ऐकणे हीच पहिली तपासणी. टकटक ऐकू येते की नाही, ज्योत दिसते की नाही आणि दिसल्यास किती वेळ टिकते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निम्मे निदान होते.

त्याही आधी एक प्रश्न नाकाला विचारावा. गॅसचा वास येत असेल तर यापुढचे काहीही करू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो छताकडे न जाता जमिनीलगत, मोरीच्या तोंडाशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला साचून राहतो. त्यामुळे उभ्या माणसाला वास मंद वाटला तरी पायाशी तो दाट असू शकतो. अशा वेळी विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो.

टकटकच नाही

नळ उघडला तरी ठिणगीचा आवाजच येत नसेल तर दोष सेलांत असतो किंवा पाण्याच्या दाबात, क्वचित स्विचमध्ये. सेल बदलून पाहणे सर्वांत सोपे, पण तेही नीट करावे लागते. दुकानात मिळणारे स्वस्त सेल ठिणगी पाडतात, परंतु व्हॉल्व्ह धरून ठेवण्याइतका जोर त्यांच्यात फार दिवस राहत नाही. अल्कलाइन सेल घालणे श्रेयस्कर. पुन्हापुन्हा चार्ज करता येणारे सेल येथे चालत नाहीत, कारण त्यांचा दाब प्रत्येकी सव्वा व्होल्टच्या आसपास असतो. दोन मिळून तीन व्होल्ट अपेक्षित असताना अडीचच भरतात. नदीकाठच्या दमट हवेत सेलांच्या डबीतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. नवे सेल घालूनही गिझर मुका राहिला तर बहुधा कारण हेच असते. लिंबाचा किंवा व्हिनेगरचा ओला बोळा फिरवून, पट्टी कोरडी करून, बारीक पॉलिश पेपरने घासली की काम होते. गिझर महिना-दीड महिना बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवणे चांगले. डबीत फुटलेला सेल पट्टीच खाऊन टाकतो.

पाण्याच्या दाबाचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे आणि गावाकडच्या घरांत तोच सर्वाधिक आढळतो. टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरच्या जेवढी वर, तेवढाच दाब. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार, म्हणजे तीन मीटरला ०.३ बार. बहुतेक गिझरना पेटण्यासाठी साधारण ०.२ ते ०.३ बार दाब लागतो. नेमका आकडा यंत्राच्या पाटीवर छापलेला असतो. आता चिऱ्याच्या बैठ्या घराला मागे जोडून बांधलेल्या न्हाणीची कल्पना करावी. वर स्लॅब, स्लॅबवर टाकी, खाली भिंतीवर गिझर. टाकीचे पाणी गिझरपासून जेमतेम दीड मीटर उंच. टाकी काठोकाठ भरलेली असते तेव्हा गिझर कसाबसा पेटतो आणि अर्धी झाली की बंद. घरच्यांना वाटते, यंत्र लहरी आहे. यंत्राचा दोष नसतोच.

याची खात्री करायला पंधरा लिटरची बादली पुरते. गिझरच्या गरम पाण्याच्या नळाखाली ती ठेवून किती वेळात भरते ते पाहावे. पाच मिनिटांत भरली तर मिनिटाला तीन लिटर पाणी येते, आणि तेवढे बहुतेक यंत्रांना पुरते. आठ-नऊ मिनिटे लागत असतील तर सेल कितीही नवे असले तरी उपयोग नाही. उपाय मग गवंड्याकडे किंवा प्लंबरकडे: टाकीखाली चौथरा उभारणे, अर्ध्या इंची नळीऐवजी पाऊण इंची नळी टाकणे, अनावश्यक वळणे काढणे, नाहीतर लहान प्रेशर पंप बसवणे. पंपाला वीज लागते आणि वीज गेली की गिझरही गेला, हे लक्षात घेऊन चौथऱ्याचा खर्च आधी विचारात घ्यावा.

बादली पूर्वी लवकर भरत होती आणि आता भरत नाही, असे असेल तर गाळ शोधावा. गिझरमध्ये पाणी शिरते त्या जोडाच्या आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. डिचोली तालुक्याची माती लोहयुक्त. विहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढवणाऱ्या घरांत पावसाळ्यात ते हमखास लालसर येते. हा तांबडा गाळ महिनाभरात जाळी बुजवतो. पाण्याचा कॉक बंद करून, पान्याने जोड सोडवून, जाळी काढून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासली की बहुसंख्य ‘नादुरुस्त’ गिझर दुरुस्त होतात. शॉवरच्या चाळणीलाही हाच रोग होतो. नळाला गिझर पेटतो आणि शॉवर लावला की विझतो, अशी तक्रार असेल तर यंत्र न उघडता शॉवरची चाळणी काढून पाहावी. एवढे करूनही टकटक येत नसेल तर रबरी पडदा फाटला असण्याची किंवा स्विचला गंज चढला असण्याची शक्यता उरते. ते काम मेकॅनिकचे.

टकटक आहे, ज्योत नाही

येथे ठिणगी आणि पाणी दोन्ही ठीक असतात. गॅस पोहोचत नाही किंवा ठिणगी भलतीकडे पडते. नवा सिलिंडर जोडल्यानंतर नळीत हवा भरलेली असते, त्यामुळे पहिले एक-दोन प्रयत्न वाया जाणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या प्रयत्नापूर्वी मात्र थांबले पाहिजे. प्रत्येक अयशस्वी प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस बाहेर पडतो. घाईघाईने पाच-सहा वेळा नळ उघडबंद केल्यास तो पेटीत साचतो आणि अखेरीस ठिणगी लागते तेव्हा ‘भप्प’ असा मोठा आवाज होऊन ज्वाळा पुढच्या झाकणातून बाहेर येते. भुवया जळण्यापासून खिडकीची काच फुटण्यापर्यंत काहीही होऊ शकते. दोनदा पेटला नाही तर खिडकी उघडून पाच मिनिटे थांबणे, हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नये.

गॅस येतो की नाही हे पाहण्यासाठी त्याच सिलिंडरवर शेगडी असेल तर ती पेटवून पाहावी. शेगडी नीट पेटली तरी गिझरला पुरेसा गॅस मिळतो असे मात्र सिद्ध होत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे म्हटले तर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळावा लागतो. शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या पाच-सहा पट ही भूक आहे. संपत आलेल्या सिलिंडरवर चहा होतो, आंघोळ होत नाही, ते यामुळेच. एकाच रेग्युलेटरवर तीन तोंडांचा जोड लावून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवणाऱ्या घरांत भात शिजत असताना गिझर न पेटणे हे त्याच कारणाने घडते. असा जोड गळतीच्या दृष्टीनेही वाईट. तो काढून गॅस वितरकाकडून स्वतंत्र जोडणी करून घ्यावी. नळी मुडपलेली नाही ना, उंदराने कुरतडलेली नाही ना, तेही पाहावे. चिऱ्याच्या जुन्या भिंतींत उंदरांना तोटा नाही.

ठिणगी भलतीकडे पडणे ही खास पावसाळी व्याधी. ठिणगीच्या काडीकडे जाणाऱ्या तारेचे आवरण जुने होऊन तडकते, चिनीमातीच्या टोपीवर ओल धरते आणि ठिणगी बर्नरपर्यंत न जाता मधल्या मध्ये पत्र्यावर उडी मारते. आवाज तोच, काम शून्य. रात्री सिलिंडर बंद करून, नळीतला उरलेला गॅस निघून जाईपर्यंत थांबून, न्हाणीतला दिवा मालवून नळ उघडावा आणि पुढच्या काचेतून पाहावे. निळी ठिणगी बर्नरच्या कडेशी दिसली तर ठीक. बाजूला किंवा मागे चमकली तर तार बदलावी लागेल.

उन्हाळाभर बंद राहिलेल्या गिझरमध्ये आणखी एक भाडेकरू सापडतो. मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी बर्नरच्या हवेच्या नळ्यांत आपली मडकी रचून ठेवते. कोळी जाळे विणतो. पाल अंडी घालते. हवेची वाट अडली की ज्योत पेटली तरी पिवळी, लांबट आणि काजळी धरणारी असते. गॅसच्या वाटेला, म्हणजे जेटच्या बारीक छिद्राला, सुई किंवा टाचणी कधीही लावू नये. छिद्र केसभर रुंदावले तरी गॅसचे प्रमाण कायमचे बिघडते. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी बनवलेला गिझर सिलिंडरवर, किंवा उलट, चालवला तरी हीच गत होते, कारण दोन्हींची जेट वेगळी असतात. शहरातील फ्लॅटमधला जुना गिझर गावच्या घरी आणून बसवताना पाटीवरचा गॅसचा प्रकार वाचणे म्हणूनच अगत्याचे.

पेटतो आणि विझतो

हा प्रकार सर्वांत त्रासदायक आणि सर्वांत गांभीर्याने घेण्याजोगा. कारणे अनेक. ज्योत ओळखणाऱ्या काडीवर काजळी बसली असेल तर समोर ज्योत असूनही यंत्राला ती दिसत नाही आणि ते गॅस तोडते. हे सहसा पाच-दहा सेकंदांत होते. सेल उतरले असतील तर व्हॉल्व्ह धरवत नाही. पाणी मध्येच कमी झाले, कोणी स्वयंपाकघरातला नळ उघडला, तरी तो विझतो. बऱ्याच यंत्रांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तिला बिघाड समजून पुन्हा पेटवणारे लोक पुष्कळ आहेत.

दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित चालून ज्योत पिवळी होत विझणे याचा अर्थ मात्र वेगळा. खोलीतली हवा संपत आली आहे.

जुन्या न्हाणीला कौलांचे छप्पर होते. चुलाणाचा धूर डोळ्यांना झोंबायचा, पण कौलांच्या फटींतून बाहेर जायचा. आताची न्हाणी पाच फूट बाय सहा फूट, वर स्लॅब, भिंतींना छतापर्यंत टाइल्स, अ‍ॅल्युमिनियमचे घट्ट दार आणि वर काचपट्ट्यांची वीतभर खिडकी. आठ फूट उंची धरली तर आतली हवा २४० घनफूट भरते. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे ४२५ घनफूट हवा लागते. म्हणजे अर्धा तास गिझर चालला तर गणिताने जवळजवळ साऱ्या खोलीची हवा जळते. प्रत्यक्षात ज्योत तितका वेळ वाट पाहत नाही. हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांनी उतरला तरी गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. ज्योतीत तोही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले त्राण जाते आणि माणूस दाराची कडी काढायला उठण्याआधीच कोसळतो. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. न्हाणीघरात आकडी येऊन बेशुद्ध पडलेल्या, फेफऱ्याचा पूर्वेतिहास नसलेल्या रुग्णांच्या नोंदींतून ते पुढे आले.

गोव्यात या धोक्याचा कळस होतो तो चतुर्थीला. मुंबई-पुण्याहून, पणजी-मडगावहून सारे घराकडे आलेले असतात. पूजेआधी सर्वांच्या आंघोळी उरकायच्या. एकामागोमाग एक सात-आठ जण त्याच न्हाणीत शिरतात. बाहेर पाऊस, म्हणून खिडकीच्या काचपट्ट्या मिटलेल्या. पाचव्या आंघोळीला गिझर विझतो. कोणीतरी बाहेरून ओरडते की नळ बंद करून पुन्हा उघड, आणि तो पेटतोही. यंत्राने दिलेली सूचना येथे बिघाड म्हणून खोडून काढली जाते. वास्तविक अशा वेळी नळ बंद करून दार-खिडकी सताड उघडावी, न्हाणीत किमान दहा मिनिटे कोणी जाऊ नये आणि पुढच्या आंघोळींसाठी पाणी बादलीत काढून घेऊन गिझर बंद करावा.

न्हाणीत कोणी कोसळले तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे शब्द आवर्जून सांगावेत. ते न सांगितल्यास निदान अपस्माराकडे किंवा हृदयविकाराकडे वळू शकते. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि ते ९८ दाखवते. उपचार म्हणजे मुखवट्याने शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत रक्तातले विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तेच सुमारे तास-दीड तासात होते.

गिझर न्हाणीच्या आत असण्याचे मुळात काही कारण नाही. मागच्या पडवीत, पावसाचा मारा न लागणाऱ्या भिंतीवर तो बसवला आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घेतली तर हवेचा प्रश्न मिटतो. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझू नये म्हणून बाजूला एक पत्रा पुरतो. जागाच नसेल तर धुराडे बाहेर काढणारा गिझर घ्यावा आणि भिंतीत खाली व वर अशा दोन कायम उघड्या जाळ्या ठेवाव्यात. खालून हवा येते, वरून जाते. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून खालची वाट बंद ठेवली तर पंखा हवा आणणार कोठून? खरेदी करताना आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा १५५५८ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा. सिलिंडरच्या गॅसवर चालणाऱ्या घरगुती गिझरचे ते मानक आहे.

मेकॅनिकला फोन करताना ‘गिझर बिघडला’ एवढेच न सांगता टकटक येते का, ज्योत दिसते का, दिसल्यास निळी की पिवळी, किती वेळाने विझते, बादली किती मिनिटांत भरते आणि सिलिंडर कधी बदलला, हे सांगितल्यास तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येतो आणि पावसातली त्याची दुसरी फेरी वाचते. तो आलाच आहे तर नळीवर छापलेली तारीखही त्याच्याकडून वाचून घ्यावी. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती तारीख सहसा कोणाला दिसत नाही.